चौथी सवाशीण

प्राप्तीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. घरात आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाईल होता, पण मांडवाला लावायला आंब्याचे टाळे आणायला एकाचाही हात मोकळा नव्हता. टाळे प्लास्टिकचे येणार होते. फुलंही प्लास्टिकची. कमळ ओट्यावर पाय पसरून सुपातले तांदूळ निवडत होती आणि नातीच्या लग्नात अजून काय काय प्लास्टिकचं येणार, याचा मनाशी हिशेब मांडत होती. नवरा तेवढा हाडामांसाचा मिळाला, हेच नशीब म्हणायचं.

ती निवडत होती ते तांदूळ चौकाचे होते. आगऱ्यांच्या लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात सूर्य, चंद्र, तुळस, पालखी, आणि चार कोपऱ्यांत हातात दिवे घेतलेल्या चार सवाशिणी. धवलारीण समोर बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि लिहिणारी लिहिते. खारपेढ्यात आणि आसपासच्या सात गावांत पन्नास वर्षं लिहिणारी एकच होती, कमळ. या तांदळात एकही तुटका दाणा घ्यायचा नाही, ही तिच्या सासूची रीत. कमळने सासूचं बाकी काही ऐकलं नव्हतं, तेवढं मात्र ऐकलं होतं.

मुलगा प्रणय फोनवर बोलतच बाहेर आला. त्याचे सहा डंपर होते. ज्या मिठागरांत त्याच्या बापाने, बुधाजीने, तीस वर्षं अनवाणी पायांनी चिखल तुडवला, तीच मिठागरं आता प्रणयचे डंपर मातीने बुजवत होते. त्यातूनच हे घर उभं राहिलं होतं. बाहेरून जांभळं, आतून पिस्त्याच्या रंगाचं, आणि जिन्याच्या कठड्याला दोन सिंह. एका सिंहाचा जबडा बांधकामातच फुटला होता. तो आ वासून रस्त्याकडे बघत असे.

"आये, ते तांदूल ऱ्हाऊ दे," प्रणय फोन कानावरून न काढताच म्हणाला. "चौकाचा फ्लेक्स सांगितलाय निकेतला. बारा बाय आठ. फोटोच्या मागं मस्त दिसतो."

"आनि मी काय करू?"

"तू पुढच्या खुर्चीवर बस. नवी साडी नेस." मग त्याचा आवाज जरा उतरला. "तुजा हात थरथरतो, आये. लोकं हसतील."

चिकनगुनिया झाल्यापासून कमळचा उजवा हात थरथरत असे, ही गोष्ट खरी. चहाची बशी धरली की ती कपावर वाजायची. पण हसणारे लोक कोण, ते तिला बघायचं होतं. बायकोला हाक मारायची तरी मेसेज पाठवणारे हे लोक! त्यांना हात हलतो की चालतो, काय कळणार होतं! ती तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेत फ्लेक्स घेऊन आला. नाक्यावर त्याचं दुकान होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली आणि कबड्डीचे सामने असे तिन्ही एकाच यंत्रातून काढायचा. गडी तसा वाईट नव्हता, पण आयत्या बिळावरचा नागोबा. पोशाख कायम इस्त्रीचा, आणि डोक्याचे केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे वर. त्याने आणि प्रणयने अंगणात गुंडाळी उलगडली. नव्या प्लास्टिकचा वास सुटला आणि ओट्यावर बसलेल्या बुधाजीला ठसका लागला.

"आजी, बघा," निकेत म्हणाला. "तुमच्याच चौकावरनं इन्स्पिरेशन घेतलंय. बॅकग्राऊंड मरून केला, लाईन गोल्डन. लाईटमध्ये चमकतो."

चोरीला असं गोंडस नाव मिळतं हे कमळला त्या दिवशी कळलं. पण फ्लेक्स तिने बघितला नाही. बघायची गरजच नव्हती. तो तिला तोंडपाठ होता. गेली दोन वर्षं जिथे जाईल तिथे लग्नघरात हाच फ्लेक्स टांगलेला असे आणि कमळ पंगतीत बसून त्याच्याकडे बघत मनातल्या मनात हसत असे.

कारण त्या चौकात सवाशिणी तीनच होत्या.

त्याचं असं झालं होतं. वरच्या आळीतला दयाराम ट्रकवरून पडून गेला, आणि वर्षाच्या आत करायचं म्हणून सहा महिन्यांत त्याच्या पोराचं, स्वराजचं, लग्न काढलं. अशा घरी चौक कसा लिहायचा हे सासूने कमळला मरायच्या आधी कानात सांगितलं होतं. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा ठेवायचा. चौथी सवाशीण लिहायची नाही, रेघ जोडायची नाही. घरचा गेलेला माणूस लग्नाला येतो, त्याला बसायला जागा लागते. आणि हे घरच्यांना बोलून दाखवायचं नाही, ज्याला दिसेल त्याला दिसेल. कमळने तसंच केलं. दयारामची बायको सत्यवती चौकासमोर आली, त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि काही न विचारता तिने तिथे पाट मांडला. कमळच्या पन्नास वर्षांत तिचं लिहिणं इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं.

त्याच लग्नात निकेत फोटो काढायला होता. त्याने चौकाचा फोटो काढला, घरी नेला, मरून केला, सोनेरी केला आणि छापायला लागला. सुतकाचा चौक घरोघरी लागला. नवऱ्या त्याच्यापुढे हसून फोटो काढायला लागल्या. एकालाही दिसलं नाही. दिसणार कसं? त्याच्याकडे पाठ करूनच तर फोटो काढायचा असतो!

कमळला तो फ्लेक्स पहिल्यांदा दिसला तेव्हा सांगावं म्हणून ती उठलीही होती. पण त्या घरच्या यजमानणीने तिला बघून न बघितल्यासारखं केलं, मांडवातल्या कुणी पोराने "आजी, बाजूला व्हा, शूट चालू हाय" म्हटलं, आणि कमळ बाजूला झाली. ती बाजूला झाली ती झालीच. भोगा आता, असं मनाशी म्हणाली. नंतर नंतर तिला त्याची गोडी लागली. लग्नाचं आमंत्रण आलं की ती जेवणासाठी कमी आणि फ्लेक्ससाठी जास्त जायची.

आणि तिथेच मोठी गोम होती. केसरच्या लेकीच्या, भाविकाच्या, लग्नातही हाच फ्लेक्स होता.

केसर म्हणजे धवलारीण. चाळीस वर्षं कमळने लिहिलं आणि केसरने गायलं. एका रिक्षाने जायच्या, एका ताटात जेवायच्या. पण स्वतःच्या लेकीच्या लग्नाआधी केसरने येऊन सांगितलं होतं, "कमल, लगीन जावयाच्या घरी हाय, भितीला टाईल्स लावल्यान त्यानं. लेक ऐकत न्हाय गे." कमळ "बरं" म्हणाली. लग्नाला गेली. दुसऱ्या पंगतीला बसली. समोर टाईल्सवर तीन सवाशिणी चमकत होत्या, केसर नेहमीप्रमाणे डोळे मिटून गायली, मग पंगतीत वाढायला आली, आणि कमळने बुंदी खाल्ली.

पुढल्या वर्षी भाविकाचं पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली होती. कमळलाही कळत होतं की प्लास्टिकच्या कागदाने पोरं जात नसतात. तरी ती भाविकाला भेटायला गेली नव्हती. गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं.

फ्लेक्स पुन्हा गुंडाळून प्रणय आणि निकेत आत गेले. बुधाजी ओट्यावरून बघत होता. मिठाने त्याच्या टाचांना पडलेल्या भेगा आता भरून येण्यासारख्या नव्हत्या. त्यात तो मेणबत्तीचं मेण भरत बसला होता.

"तुजा कागूद आला घरी," तो म्हणाला.

कमळने त्यालाच तेवढं सांगितलं होतं, भाविकाच्या लग्नावरून आल्यावर, हसत हसत. तो तेव्हा हसला नव्हता.

"मना काय करायचंय," कमळ म्हणाली.

"प्राप्ती त्याच्यापुढं बसनार."

"बसू दे. तिच्या बापसाला हौस हाय ना!"

"बसू दे?" बुधाजीने मेणाचा गोळा बाजूला ठेवला. "लोकांच्या सोकऱ्या बसल्या तवा तू हासलीस. आता हास बघू."

कमळला हसू येईना. तिने तांदळाचं सूप उचललं आणि आत जाऊन तांदूळ भिजत घातले. सांगायचं तर प्रणयला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य केसरच्या कानावर गेल्याशिवाय राहिलं नसतं, आणि केसर दोन वर्षांपूर्वीच्या त्या पंगतीपर्यंत आपसूक पोहोचली असती. म्हणून कमळने दुसरा विचार केला. गुपचूप तेवढा कोपरा भरून टाकायचा. कुणाला दिसत नव्हतं तिथे काही नाही, मग कुणाला दिसणार आहे तिथे काही आलं ते!

चौकाच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं. कमळने पाट्यावर तांदूळ वाटायला घेतले. घरात दोन मिक्सर होते आणि ते दोन्ही सुनेने पुढे केले. कमळने वळूनही बघितलं नाही. वाटता वाटता खांद्यातून कळ निघत होती आणि वरवंटा थरथरत पाट्यावर कट कट वाजत होता. पीठ गंधासारखं झालं तेव्हा ते तिने वाटीत काढलं. शिंदीची काडी दाताने चावून तिचा कुंचला केला. फ्लेक्स भिंतीवर चढला होता, बायका जमायच्या होत्या. ती स्टुलावर बसली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि मोकळ्या कोपऱ्यात पहिली रेघ ओढली.

रेघ धरली नाही. पिठाचा थेंब प्लास्टिकवरून घरंगळला आणि खाली लादीवर पडला. तिने पुन्हा ओढली. पुन्हा ओघळली. सवाशिणीचं डोकं गळ्यात आलं आणि गळा पायात. कमळने पदराने पुसलं आणि जरा जाड पीठ घेतलं. तेही सुटून पोपड्यासारखं खाली आलं. पन्नास वर्षांत शेण, माती, चुना, सिमेंट, कुठलीच भिंत तिला नाही म्हणाली नव्हती. हा कागद म्हणाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बायका येऊन उभ्या होत्या. सुनेची बहीण मोबाईल धरून होती.

"आये!" प्रणय धावत आला. "काय चाललंय? खराब केलास ना फ्लेक्स! सांगितलं व्हतं तुना, हात थरथरतो!"

"हाताला काय झालं न्हाय. कागूदच थुकतोय."

"अगं पण तिथं करायचंय काय तुला? चौक पूर्ण हाय!"

कमळने पदराने कोपरा पुन्हा पुसला. तेवढ्यात बायकांतून वाट काढत केसर पुढे आली. नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिने फ्लेक्सकडे बघितलं, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच. मग बोटाने मोजलं.

"एक, दोन, तीन," केसर म्हणाली. "कमल, चवथी कुठं हाय?"

मांडवात कुणी डीजेची वायर तपासत होतं, तेही थांबलं. कमळला पीठ वाळल्यासारखी बोटं आखडलेली वाटली. खोटं सांगायला जागा होती, यंत्राने खाल्ली म्हणता आलं असतं. निकेत दारातच उभा होता, त्याच्या नावाने खपूनही गेलं असतं. पण नवरीच्या पिवळ्या साडीतली प्राप्ती आजीकडे बघत होती, आणि मागे ओट्यावरून बुधाजी.

"लिवली न्हाय," कमळ म्हणाली. "दयारामच्या घरचा चौक हाय ह्यो. त्याला बसाय जागा ठेवली व्हती. ह्या मेल्यानं त्योच छापला."

सत्यवती बायकांत होती. तिने पदर तोंडाला लावला. निकेतचा चेहरा पिठासारखा झाला.

"मला काय माहीत, आजी? मला वाटलं, डिझाईनच तसं हाय. सदतीस लग्नांत गेलाय. कुणी एक शब्द बोललं नाय."

"कोन बोलनार? डोले हायत कुनाला?" कमळ म्हणाली. एवढं बोलून तिला बरं वाटलं. ते क्षणभरच.

"तुला हायत," केसर म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर कमळला सोपं गेलं असतं.

"मी डोले मिटून गाते. मना काय दिसतंय! तुजे तर उघडे व्हते. भाविकाच्या लगनात समोर बसली व्हतीस. दोनदा बुंदी मागून घेतलीस, मीच वाढली. तवा दिसलं न्हाय?"

"दिसलं."

"मंग?"

"तू मना लिवाय बोलावली न्हाईस," कमळ म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला ते कारण किती भिकार आहे ते कळलं. जगाला तुच्छ लेखत ती दोन वर्षं हिंडली होती, आणि तिच्या पोतडीत निघालं काय, तर न आलेलं एक आमंत्रण.

केसर तिच्याकडे बघत राहिली. मासळी बाजारात नासका बोंबील बाजूला सारताना कोळणी बघतात, तसं बघितलं तिने.

"कागदानं पोर मेलं असं मी म्हनत न्हाय. येवढी येडी न्हाय मी. पन माज्या सोकरीपुढं सुतक टांगलेलं, आनि तू जेवलीस." ती वळली. कमळला वाटलं, गेली. पण केसर भिंतीसमोरच्या पाटावर जाऊन बसली. "उतरवा ते. ह्या सोकरीनं कुनाचं काय वाकडं केलंय? लिव. मी गाते."

फ्लेक्स निघाला. मागची भिंत पिस्त्याच्या रंगाची, गुळगुळीत, पाणीसुद्धा न धरणारी. "आये, पेंटर मुंबईसून आनला व्हता," एवढंच प्रणय म्हणाला. प्राप्ती उठली, अंगणातून विटेचा तुकडा घेऊन आली आणि भिंत खरवडायला लागली. पार्लरवालीने आदल्या दिवशी रंगवलेली तिची नखं दोन मिनिटांत गेली. मग सत्यवतीने पदर खोचला. मग दुसऱ्या बायका. भिंत खरबरीत झाल्यावर तिला लाल काव फासली आणि वाळायला पंखा लावला.

कमळ लिहायला बसली तेव्हा दुपार झाली होती. केसरने डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, प्रत्येक रेघेवर नजर ठेवून ती गात होती, आणि तिच्यापुढे लिहिताना कमळला पहिल्यांदाच घाम फुटला. हात हलत होता. सूर्याची किरणं वाकडी आली, पालखीचे भोई झिंगल्यासारखे आले. प्राप्ती मनगट धरायला पुढे झाली.

"सोड," कमळ म्हणाली. "माजा मना करू दे."

चौथी सवाशीण शेवटी आली. पाय, नेसण, अंबाडा, हात, हातात दिवा. ज्योत ओढताना बोटं इतकी थरथरली की एका रेघेच्या तीन झाल्या. कमळ मागे सरकली. वारा लागल्यासारखी ती ज्योत हलत होती. तिच्या चांगल्या हाताने पन्नास वर्षांत काढलेले सगळे दिवे ठोकळ्यासारखे होते, हा तेवढा पेटलेला होता. लाज वाटत असतानाही कमळला फार आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

निकेत दारातच होता. मोबाईल खिशात होता.

"आजी, ही ज्योत..." तो म्हणाला. "हे मशीनवर कसं करायचं तेच कळत नाय."

"नको करू," कमळ म्हणाली. "ज्यांच्याकडं कागूद दिलास, त्यांची नावं तेवढी लिवून दे."

केसरने शेवटचा धवला संपवला. सुनेने ओटी भरायला ताट आणलं, ते तिने हातानेच मागे सारलं. पाणीही न पिता चपला घालून ती गेली. हळदीला आली, लग्नाला आली, ज्या त्या विधीला खणखणीत गायली, आणि एकाही पंगतीला बसली नाही. ज्या घरी ती चाळीस वर्षं जेवली, त्या घरची पत्रावळ तिच्यासाठी मांडलेली आणि रिकामी राहिली. कमळने ती तीनदा बघितली.

प्राप्तीची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कमळने उरलेले तांदूळ वाटले. डबा मांडीवर घेऊन सहाआसनी रिक्षाच्या मागच्या फळीवर बसली. शेजारी मांडव्याच्या बोटीवरून उतरलेली दोन मुंबईची पोरं, बॅगा घेऊन किहीमला निघालेली. डबा त्यांच्या पँटीला लागू नये म्हणून पोरंच आखडून बसत होती. लागला असता तर बरं झालं असतं, असं कमळला वाटलं. पण ते वाटणंही आता पूर्वीसारखं रंगत नव्हतं.

भाविकाचं घर किहीमच्या अलीकडे, रस्त्याला लागून. नवरा परेश जेट्टीवर कामाला गेलेला. दारात केसर मासे सुकायला घालत होती. लेकीला पुन्हा दिवस गेले होते म्हणून ती येऊन राहिली होती. तिने कमळला बघितलं, डबा बघितला, आणि बोंबलाची माळ बांधत राहिली.

"कुठं लिवू?" कमळने विचारलं.

"टाईल्स हायत. तुना ठाऊक हाय."

कमळ आत गेली. टाईल्सच्या वर, पत्र्याच्या खाली, चुन्याची एक हातभर पट्टी उरली होती. भाविकाने स्टूल दिलं. कमळचे गुडघे कुरकुरले. ती चढली, एका हाताने वासा धरला आणि दुसऱ्याने लिहायला लागली. चौक नाही, सूर्य नाही, पालखी नाही. पांढऱ्या भिंतीवर पांढरं पीठ, ओलं असेपर्यंतच जेमतेम दिसणारी एकटी बाई, हातात हलता दिवा. घाम डोळ्यांत जात होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

ती उतरली. भाविकाने मान वर करून बराच वेळ बघितलं.

"मावशी, ही कोन?"

कमळ डब्याचं झाकण शोधायला वाकली. दारातून केसरच बोलली, माळ न सोडता, मान न वळवता.

"चवथी सवाशीन. तुज्या लगनाला निंगालेली. दोन वर्सं लागली यायला," ती म्हणाली. "मदी जेवाय बसली व्हती."